साझा आधी, पद नंतर : तलाठ्यांच्या ३,११० पदांचे प्रकरण

मे २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने तलाठ्यांचे ३,१६५ नवे साझे आणि ५२८ नवी महसुली मंडळे स्थापन करायला मंजुरी दिली. त्या साझ्यांवर नेमायची तलाठ्यांची पदे निर्माण झाली ती ७ डिसेंबर २०२२ रोजी, ३,११० इतकी. त्यांच्यासोबत मंडळ अधिकाऱ्यांची ५१८ पदे आली. परीक्षा २०२३ मध्ये झाली आणि निवड झालेली माणसे दप्तर हाती घ्यायला २०२४ उजाडले. म्हणजे गावांच्या हद्दी जोडून कागदावर साझा तयार झाला त्या दिवसापासून त्या साझ्याला स्वतःचा तलाठी मिळेपर्यंत सात वर्षे गेली. एवढ्या काळात शासनाने काय ठरवले, काय ठरवायचे राहिले आणि त्याचा भार कोणावर पडला, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

साझ्यापासून सुरुवात करू. एक मोठे गाव किंवा दोन-चार लहान गावे मिळून एक साझा होतो आणि त्याचा कारभार तलाठी पाहतो. साधारण सहा साझ्यांवर एक मंडळ अधिकारी असतो. गावात त्याला अजूनही ‘सर्कल’ म्हणतात आणि तलाठ्याला ‘भाऊसाहेब’. विदर्भात तलाठ्याला पटवारी म्हणण्याची रीत टिकून आहे. सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या एकूण जमिनीचा उतारा), फेरफाराची म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांची वही असे एक ते एकवीस गाव नमुने तलाठ्याने ठेवायचे. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवले जाते आणि जमिनीची मोजणी भूमी अभिलेख खाते करते, पण ‘ही जमीन आता कोणाची’ याची गावपातळीवरची नोंद तलाठीच धरतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधल्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. एवढे वजन असलेला कागद गट क मधल्या खालच्या फळीतल्या माणसाच्या हाती आहे. म्हणून त्याला पगार किती द्यावा आणि त्याच्याकडे किती गावे असावीत, हा प्रश्न शेतकऱ्याच्या मालकीशी थेट जोडलेला आहे.

नोंदीची रचना मुद्दाम दोन माणसांची केलेली आहे. कलम १५० प्रमाणे तलाठी फेरफार नोंदवतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद मंजूर किंवा नामंजूर करतो. लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा. एका मंडळाखाली किती साझे असावेत यावर ही तपासणी किती खरी होईल ते ठरते. सहा साझ्यांचे फेरफार वाचून मंजूर करणारा सर्कल आणि दहा-बारा साझ्यांचे मंजूर करणारा सर्कल यांची सही सारखी दिसते, पण तिच्यामागचे वाचन सारखे असू शकत नाही.

वतनापासून पगारापर्यंत

हे पद पगारी आहे हे आज आपण गृहीत धरतो. पण या पदाचा पगार ही मोठ्या सामाजिक बदलातून आलेली गोष्ट आहे. पूर्वी गावचे दप्तर कुलकर्ण्याकडे असे आणि ते वतन होते. पद बापाकडून मुलाकडे जाई आणि मोबदला इनाम जमीन, हक्क व मुशाहिऱ्याच्या रूपाने मिळे. इंग्रजांनी १८७४ च्या वतन कायद्याने ही व्यवस्था मोडली नाही, कायद्याच्या चौकटीत बसवली. दप्तर वाचू शकणारे घर गावात एकच आणि त्या घराचा हक्क वंशपरंपरेचा, अशा स्थितीत कुळाला किंवा कर्जबाजारी शेतकऱ्याला नोंदीवर हरकत घेणे किती अवघड असेल, हे वेगळे सांगायला नको.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने बरखास्त केली आणि त्या जागी पगारी तलाठी नेमले. त्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या माणसांनाही जागा दिल्या. वतनदाराऐवजी पगारदार नेमणे हा त्यांच्या दृष्टीने सामाजिक निर्णय होता, म्हणूनच त्याला विरोधही तेवढाच कडवा झाला. मुंबई राज्यात परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने रद्द झाली आणि १ मे १९५१ पासून पगारी तलाठ्याची पद्धत पक्की झाली. महार वतनांसह कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने गेली, महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्याने. वतने जाऊन गावच्या महसुली कामाला दोन माणसे उरली : पगारावर तलाठी आणि तुटपुंज्या मानधनावर कोतवाल. या दोघांतली दरी आज साठ वर्षांनंतरही भरलेली नाही. तिच्याकडे पुढे येतो.

पद निर्माण करण्याचा अधिकार कोणाचा, हेही इथे पाहायला हवे. संहितेच्या कलम ७ मध्ये जिल्हाधिकारी मंडळासाठी मंडळ अधिकारी, साझ्यासाठी एक किंवा अधिक तलाठी आणि गावासाठी कोतवाल नेमू शकतो असे म्हटले आहे. ‘एक किंवा अधिक’ हे शब्द कायद्यात आहेत, म्हणजे मोठ्या साझ्याला दोन तलाठी देण्याची वाट कायद्याने उघडी ठेवली आहे. पण जिल्हाधिकाऱ्याचा हा अधिकार शासनाच्या आदेशांच्या अधीन आहे. पदांचा आकृतिबंध, म्हणजे कुठे किती पदे असावीत हे, मंत्रालयात ठरतो, वित्त विभागाची सहमती लागते, उच्चस्तरीय सचिव समितीपुढे प्रस्ताव जातो. साझ्याची हद्द महसूल खाते आखू शकते, पण त्या साझ्याच्या पगाराची तजवीज वित्त विभागाच्या होकाराशिवाय होत नाही. या प्रकरणातली सात वर्षे याच फटीत गेली.

आकडे काय सांगतात

२०१७ च्या निर्णयातली विभागवार वाटणी अशी : कोकण ७४४ साझे, नाशिक ६८९, औरंगाबाद (आताचा छत्रपती संभाजीनगर विभाग) ६८५, नागपूर ४७८, पुणे ४६३ आणि अमरावती १०६. मंडळे अनुक्रमे १२४, ११५, ११४, ८०, ७७ आणि १८. भागाकार करून पाहा, प्रत्येक विभागात सहाला एक हेच प्रमाण निघते. साझे किती लागतील याचा विचार विभागाविभागाने झालेला दिसतो, तपासणाऱ्यांची संख्या मात्र सगळीकडे एकाच सूत्राने काढलेली आहे.

आता २०२२ मध्ये पदे निर्माण झाली तेव्हाचे आकडे शेजारी ठेवू. नाशिक ६८९, औरंगाबाद ६८५, नागपूर ४७८, अमरावती १०६ : या चार विभागांत एका पदाचाही फरक नाही. कोकणाचे ७४४ होते ते ५५० झाले आणि पुण्याचे ४६३ होते ते ६०२ झाले. कोकणातून १९४ कमी, पुण्यात १३९ जास्त. एकूण संख्या ५५ ने घटली. चार विभागांचे आकडे पाच वर्षांत जसेच्या तसे राहिले, याकडे मी पुन्हा पुन्हा पाहतो. त्याच पाच वर्षांत समृद्धी महामार्गासाठी नाशिक, औरंगाबाद, अमरावती आणि नागपूर अशा चारही विभागांतल्या गावांत जमिनी घेतल्या गेल्या, शहरांलगतची शेती बिनशेती होत गेली, सातबारा संगणकावर गेला. गावातल्या महसुली कामाचे स्वरूप बदलले, पण पदांचा अंदाज २०१७ चाच कायम राहिला.

कोकणाबद्दल मला विशेष काळजी वाटते. तिथे जमिनीचे तुकडे लहान, एका सातबाऱ्यावर सामाईक नावे खूप, निम्मे खातेदार मुंबईत आणि वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या. एका वारस नोंदीसाठी तीन पिढ्यांची नावे जुळवावी लागतात. पहिल्या अंदाजात सर्वाधिक साझे कोकणाला दिले होते, त्यालाच पदे देताना सर्वांत मोठी कात्री लागली. ठाणे, रायगडकडची मोठी गावे महापालिकांत गेली हे खरे आहे. पण गाव महापालिकेत गेले म्हणून त्याचा सातबारा लगेच बंद होत नाही. जोवर तिथे नगर भूमापन होऊन मिळकत पत्रिका (शहरी जागेच्या मालकीचे कागद) बनत नाहीत, तोवर ते काम तलाठ्याकडेच असते, आणि तिथले व्यवहार खेड्यापेक्षा कितीतरी जास्त असतात.

पद नसलेला साझा

साझा आहे आणि पद नाही, अशा वेळी काय होते? शेजारच्या साझ्याच्या तलाठ्याला अतिरिक्त पदभार मिळतो. जुन्या साझ्यांतल्या रिक्त जागांमुळे अतिरिक्त पदभार आधीपासून होतेच. नव्या साझ्यांनी त्यात भर पडायचा धोका होता. म्हणून बऱ्याच ठिकाणी पुनर्रचना कागदावर ठेवून जुन्याच रचनेने काम चालले. गावकऱ्याला मात्र एकच प्रश्न कळत होता, ‘आमचे भाऊसाहेब आज कुठे बसतात?’

एक उदाहरण कल्पनेने मांडतो, पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात ते ओळखीचे वाटेल. तलाठ्याकडे स्वतःच्या साझ्याची तीन गावे आणि अतिरिक्त साझ्याची चार. सोमवारी तहसील कार्यालयात बैठक. मंगळवारी मूळ साझा. बुधवारी अतिरिक्त साझ्यात जायचे ठरलेले, तेवढ्यात गारपिटीच्या पंचनाम्याचा आदेश येतो. निवडणूक लागली की मतदार यादीचे काम, खरिपात अतिवृष्टीचे अनुदान वाटपासाठी खातेदारांच्या याद्या, उन्हाळ्यात वाळूच्या गाड्यांवर रात्रीची पथके, मार्चअखेरीस वसुली. या सगळ्यातून जो वेळ उरेल त्यात फेरफार. बँकेचा बोजा, म्हणजे सातबाऱ्यावरची कर्जाची नोंद, कमी करायला आलेली बाई तीन वेळा फिरून जाते. कर्ज फिटले आहे, बँकेचा दाखला हातात आहे, पण सातबाऱ्यावर बोजा तसाच असल्याने दुसरी बँक तिला पीककर्ज देत नाही आणि पेरणीची वेळ निघून जाते. पद निर्माण न झाल्याची किंमत इथे चुकवली जाते, आणि शासनाच्या कुठल्याही हिशेबात ती लिहिली जात नाही.

शासनाच्या हिशेबात जे येते ते साधे आहे. तलाठ्याची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगात एस-८ म्हणजे २५,५०० ते ८१,१०० आहे. नुसते सुरुवातीचे मूळ वेतन धरले तर एका पदाला वर्षाला ३ लाख ६ हजार रुपये लागतात. ३,११० पदांना साधारण ९५ कोटी. महागाई भत्ता, घरभाडे आणि निवृत्तिवेतनातला शासनाचा वाटा धरला की आकडा बराच वर जातो. २०१७ च्या निर्णयात हे साझे चार वर्षांत टप्प्याटप्प्याने सुरू करायचे ठरले होते. तसे झाले असते तर हा खर्च २०२१ पर्यंत पूर्णपणे अंगावर आला असता. तो पुढे ढकलला गेला. वित्त विभागाचे काम पैसा जपणे आहे आणि तो विभाग आपले काम करत होता, हे मान्य करायला हवे. चूक आहे ती पद्धतीची : साझा निर्माण करण्याचा निर्णय आणि त्याच्या पगाराचा निर्णय वेगवेगळ्या टेबलांवर, वेगवेगळ्या वर्षी होतो.

या काळात आणखी एक वाईट गोष्ट रुजली. अनेक ठिकाणी तलाठ्याने स्वतःच्या खिशातून पैसे देऊन खासगी मदतनीस ठेवला. लोक त्याला ‘झिरो तलाठी’ म्हणतात. तो दप्तर हाताळतो, अर्ज घेतो, संगणकावर माहिती भरतो. त्याची नेमणूक नाही, त्याच्यावर जबाबदारी नाही, त्याचा पगार कुठल्याही लेखाशीर्षात नाही. मग तो पैसा येतो कुठून, हा प्रश्न गावातले पोरसुद्धा विचारते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यांत महसूल आणि पोलीस ही दोन खाती दरवर्षी वरच्या जागी असतात. पदांची टंचाई हे लाच घेण्याचे समर्थन होऊ शकत नाही आणि मी ते करतही नाही. पण जिथे शासन मंजूर माणूस देत नाही तिथे नामंजूर माणूस येऊन बसतो आणि त्याचा खर्च नोंदीसाठी आलेल्या शेतकऱ्याकडून निघतो, हे डोळ्यांआड करून पगाराची चर्चा पुरी होत नाही.

एस-८ ची जागा

एस-८ हे वेतन योग्य आहे का? राज्य शासनाच्या रचनेत लिपिक एस-६ वर आहे, १९,९०० पासून. पोलीस शिपाई एस-७ वर, २१,७०० पासून. तलाठी त्यांच्या वर आहे. वरच्या बाजूला नायब तहसीलदार एस-१४ वर, ३८,६०० पासून. सहाव्या आयोगात तलाठ्याची वेतनश्रेणी ५,२०० ते २०,२०० आणि ग्रेड वेतन २,४०० होते, त्याचेच रूपांतर एस-८ मध्ये झाले. म्हणजे सातव्या आयोगाने पदाचे नव्याने मूल्यमापन केले नाही, जुनी पायरी नव्या तक्त्यात नेली.

माझे मत असे की सुरुवातीच्या वेतनापेक्षा पुढच्या वाटेचा प्रश्न गंभीर आहे. तलाठ्याला दुय्यम सेवा परीक्षा आणि पुढे महसूल अर्हता परीक्षा द्यावी लागते. मग मंडळ अधिकारी किंवा अव्वल कारकून आणि त्यानंतर नायब तहसीलदार. सहा साझ्यांना एक मंडळ या सूत्रामुळे वरची जागा मुळातच अरुंद आहे, आणि त्या जागेवर महसूल सहायकांमधून (खात्यातल्या लिपिकांमधून) येणाऱ्यांचाही हक्क असतो. शासनाने त्यावर आश्वासित प्रगती योजनेचा उपाय केला आहे : दहा, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेनंतर वरच्या श्रेणीचे वेतन. त्याने पगार वाढतो, काम तेच राहते. पंचवीस वर्षे साझा सांभाळलेला माणूस मंडळ अधिकाऱ्याच्या जवळपास वेतन घेतो, पण नोंद मंजूर करण्याचा अधिकार त्याच्याकडे येत नाही. अनुभवी हातांकडून तपासणीचे काम करून घेण्याची ही संधी वाया जाते.

दुसरी उणीव अशी की वेतनश्रेणी साझा पाहत नाही. हवेली किंवा पनवेल तालुक्यातला साझा, जिथे गुंठ्याचा भाव लाखांत आहे आणि रोज खरेदीखतांच्या सूचना येतात, तिथला तलाठी एस-८. अक्कलकुव्याच्या डोंगरातला साझा, जिथे वनहक्काचे दावे आहेत आणि पावसाळ्यात पाड्यावर पायी जावे लागते, तिथलाही एस-८. वेतन समान असायला हरकत नाही, उलट ते असावेच. पण मग कामाचा भार पदांच्या संख्येने समान करायला हवा, आणि त्यासाठी कलम ७ मधल्या ‘एक किंवा अधिक तलाठी’ या शब्दांचा वापर करायला हवा. हवेलीसारख्या ठिकाणी साझ्याला दोन तलाठी देणे हे नवा साझा आखण्यापेक्षा सोपे आहे. हद्द बदलावी लागत नाही, दप्तर फोडावे लागत नाही.

दर्जा आणि वेतन यांची फारकत किती लांबू शकते हे याच खात्यात एक पायरी वर दिसते. नायब तहसीलदाराचे पद १९९८ मध्ये गट ब राजपत्रित झाले, पण वेतन त्या दर्जाचे मिळाले नाही, ही त्यांच्या संघटनेची तक्रार. ग्रेड वेतन ४,३०० ऐवजी ४,८०० द्या, या मागणीसाठी एप्रिल २०२३ मध्ये राज्यभरातल्या तहसीलदार व नायब तहसीलदारांनी संप केला. पंचवीस वर्षे जुना प्रश्न आणि संपाचे हत्यार. पदाचा दर्जा वाढवणारा कागद आणि वेतन वाढवणारा कागद एकाच दिवशी निघाले असते, तर ही वेळ आली नसती.

भरती

२०२२ अखेरीस ३,११० नवी पदे आणि १,०१२ जुनी रिक्त पदे मिळून ४,१२२ जागा भरायचे जाहीर झाले. जून २०२३ मध्ये जाहिरात निघाली तेव्हा संख्या ४,६४४ झाली होती. अर्ज आले १० लाख ४१ हजार ७१३. एका जागेमागे सव्वादोनशेच्या आसपास. खुल्या प्रवर्गाला हजार आणि मागास प्रवर्गाला नऊशे रुपये शुल्क होते. नुसत्या शुल्काची रक्कम नव्वद कोटींच्या घरात जाते, म्हणजे नव्या पदांच्या एका वर्षाच्या मूळ वेतनाएवढी. ती भरली नोकरी नसलेल्या पोरांनी. या शुल्कावर तेव्हा जी नाराजी उमटली ती पूर्णपणे रास्त होती.

परीक्षा टीसीएस या खासगी कंपनीमार्फत १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर २०२३ दरम्यान ५७ सत्रांत झाली. ८ लाख ६४ हजार ९६० उमेदवार बसले. प्रश्नपत्रिका सत्रागणिक वेगळी असल्याने गुणांचे सामान्यीकरण केले गेले, म्हणजे सोप्या-अवघड सत्रांतला फरक भरून काढायला गुण सूत्राने जुळवले गेले, आणि जानेवारी २०२४ मध्ये निकाल लागला तेव्हा २०० गुणांच्या परीक्षेत एकाला २१४ गुण दिसले. सामान्यीकरणाच्या सूत्राने असे होऊ शकते, पण ते आधी नीट समजावून सांगितले गेले नव्हते. गैरप्रकारांच्या तक्रारींनी आधीच अस्वस्थ असलेल्या मुलांचा त्यावर विश्वास बसणे कठीण होते. २०१९ ची भरती शासनाच्या महापरीक्षा या ऑनलाइन पोर्टलवरून झाली होती आणि त्या पोर्टलवर इतका रोष ओढवला की पुढच्याच वर्षी ते बंद करावे लागले. पदे वर्षानुवर्षे साठवून एकदम भरायला काढली की परीक्षा इतकी अवाढव्य होते, आणि अवाढव्य परीक्षेत चुकीला जागाही जास्त मिळते. दरवर्षी सातशे-आठशे जागा भरल्या असत्या तर एवढी सत्रे लागली नसती.

आदिवासी भागातल्या निवडी मात्र अडकल्या. अनुसूचित क्षेत्र असलेल्या १३ जिल्ह्यांत तलाठ्यासह १७ संवर्गांची पदे स्थानिक अनुसूचित जमातींतून भरायची, अशी राज्यपालांची अधिसूचना ऑगस्ट २०१९ ची. तिच्याविरुद्ध प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि पेसा क्षेत्रातल्या (अनुसूचित क्षेत्राला लागू असलेल्या पेसा कायद्यावरून हे नाव) नियुक्त्या थांबल्या. आंदोलने, उपोषणे झाली. शेवटी २०२४ मध्ये शासनाने न्यायालयाच्या निर्णयाच्या अधीन राहून या उमेदवारांना मानधनावर नेमायचे ठरवले. एकाच परीक्षेतून आलेली, एकच पद सांभाळणारी दोन माणसे, एक वेतनश्रेणीत आणि दुसरा मानधनावर. आदिवासी साझ्यांत सर्वांत पक्क्या नेमणुकीची गरज असताना तिथेच सर्वांत कच्ची नेमणूक गेली. हे मला या संपूर्ण प्रकरणातले सर्वांत दुखरे ठिकाण वाटते.

कोतवालाचे १५ हजार

तलाठ्याच्या पदांचा हिशेब कोतवालाशिवाय पुरा होत नाही. नोटीस बजावणे, दवंडी, पंचनाम्याला माणसे गोळा करणे, दप्तर नेणे-आणणे ही कामे कोतवाल करतो. २०२३ मध्ये त्याचे मानधन वाढून १५ हजार झाले. योगायोग असा की राज्याच्या वेतन तक्त्यात सर्वांत खालच्या एस-१ श्रेणीची सुरुवातही १५,००० वरच होते. पण शिपायाला त्यावर महागाई भत्ता मिळतो, दरवर्षी वेतनवाढ मिळते, घरभाडे मिळते. कोतवालाला यांतले काही नाही. आकडा श्रेणीचा आणि हक्क मानधनाचे. चतुर्थ श्रेणीची कोतवालांची मागणी अनेक दशकांची आहे. पुढच्या वर्षी मानधनात आणखी दहा टक्के वाढ मंजूर झाली आणि नंतर पदाला ‘महसूल सेवक’ हे नाव मिळाले. तलाठीही आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाला आहे. नव्या नावांसोबत वेतनश्रेणी मात्र बदललेली नाही.

२०१७ मध्ये ३,१६५ साझे वाढवताना प्रत्येक नव्या साझ्याला कोतवाल, कार्यालयाची खोली आणि संगणक यांचा खर्च त्याच प्रस्तावात धरायला हवा होता असे मला वाटते. तलाठ्यांच्या संघटनांनी संगणक, इंटरनेट आणि कार्यालयाचे भाडे या मागण्या वर्षानुवर्षे मांडल्या, त्या चैनीच्या नव्हत्या. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांना घरबसल्या मिळू लागला, १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीने पेरा नोंदवण्याचे काम शेतकऱ्याच्या मोबाइलवर गेले. उतारे देण्याचे काम हलके झाले. त्याच वेळी संगणकावर चढवताना राहिलेल्या चुकांच्या दुरुस्त्या, ऑनलाइन आलेले वारसांचे आणि बोज्यांचे अर्ज, निबंधक कार्यालयातून थेट येणाऱ्या व्यवहारांच्या सूचना हे काम वाढले. कोणते काम किती कमी झाले आणि कोणते किती वाढले याची मोजणी करून पदे ठरवता आली असती. ई-फेरफार प्रणालीत प्रत्येक साझ्यात किती नोंदी आल्या, किती दिवस प्रलंबित राहिल्या, किती नामंजूर झाल्या ही माहिती रोज जमा होते. साझ्याचे क्षेत्र आणि लोकसंख्या यांपेक्षा हा आकडा कामाचा भार कितीतरी खरा सांगतो.

पुढची पुनर्रचना कधी तरी होईलच, कारण शहरे वाढत आहेत आणि खातेफोडीने, म्हणजे एका खात्याच्या वाटण्या होऊन, खातेदार वाढत आहेत. तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांकडून साझ्यांचे प्रस्ताव मागवताना त्यासोबत तीन वर्षांच्या फेरफारांचा तक्ता मागवावा. वित्त विभागाची सहमती हद्दींच्या अधिसूचनेआधी घ्यावी आणि अधिसूचनेतच प्रत्येक साझ्यासमोर मंजूर पदाचा क्रमांक छापावा. ज्या साझ्याला पद नाही तो साझा त्या दिवशी जाहीर करू नये. सहाला एक हे मंडळाचे प्रमाण वाढत्या नोंदींच्या तालुक्यांत चारला एक करावे. पेसा क्षेत्रातल्या मानधनावरच्या तलाठ्यांना न्यायालयाचा निकाल अनुकूल लागला तर त्यांची सेवा पहिल्या दिवसापासून धरावी आणि तसे आजच लेखी द्यावे, म्हणजे ज्येष्ठता यादी लागेल तेव्हा त्यांना पुन्हा न्यायालयात जावे लागणार नाही.